मापाच्या दिवशी बांधावर कोण होतं?



सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग झाला, त्या दिवशी निवडलेल्या गटाचा मालक सोडला तर आमच्या गावातला एकही शेतकरी बांधावर नव्हता. मीही नव्हतो. पुढं भरपाई आली नाही तेव्हा पारावर बसून शिव्या घालायला मात्र सगळे हजर.

तेव्हा मला वि. म. दांडेकर आठवले. साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. १९७१ साली नीलकंठ रथांसोबत त्यांनी देशातली गरिबी मोजली. माप धरलं ताटाचं. माणसाच्या पोटात दिवसाला २२५० उष्मांक पडतील असा खर्च किती? १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये. खेड्यातल्या साधारण ४० टक्के लोकांना तेवढंही जमत नव्हतं. नुसती जमीन वाटून भागणार नाही, हाताला काम द्यावं लागेल, असं त्यांनी तेव्हाच मांडलं.

आपल्या पीक विम्याचा पायाही त्यांनीच घातला. एकेकाच्या रानाचं नुकसान बघत फिरणं परवडत नाही, खोट्यालाही वाट मिळते. म्हणून एकसारख्या पट्ट्याची सरासरी काढा. ती उंबरठा उत्पादनाखाली गेली की पट्ट्यातल्या सगळ्यांना भरपाई. १९७९ ची पथदर्शी योजना याच विचारावर उभी राहिली.

माझं मत विचाराल तर पद्धत चुकीची नाही. फक्त त्यातला 'एकसारखा' हा शब्द आपण हरवून बसलोय. आमच्या महसूल मंडळात नदीकाठचं काळं रान आणि आमचा मुरमाड माळ एकाच सरासरीत. पावसानं ताण दिला की आमचं करपतं, त्यांचं तगतं, आणि सरासरी उंबरठ्याच्या वर राहते. घटक मंडळाचा नको, गावाचा पाहिजे. ही मागणी लावून धरली पाहिजे.

पण ती मंजूर होईल तेव्हा होईल. भरपाई ठरवताना पीक कापणीचं माप धरलं जातंच. तेव्हा निदान त्या दिवशी बांधावर जाऊ. गट नंबर कोणता, प्लॉट कसा आखला, मळणीनंतर वजन किती भरलं, ते आपल्या वहीत लिहून घेऊ. सहायक कृषी अधिकारी मंडळींना एकच विनंती, तारीख आदल्या दिवशी गावच्या ग्रुपवर टाका.

दांडेकरांनी आयुष्यभर गरिबाचं माप नीट घेतलं. आपलं माप घेताना आपण तिथं असायला नको का?