पुलावर मिळवले, खिडकीवर गमावले

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाला पुण्याहून वाहिलेली ती कृतज्ञता होती. तिची शाई वाळते न वाळते तोच, १८७७ मध्ये, वॉशिंग्टनमधील सत्तासौद्यात दक्षिणेवरचा संघीय सैन्याचा पहारा उठला आणि नुकतेच मुक्त झालेले लोक कालच्याच मालकांच्या हाती गेले. वर्णावरून मताधिकार नाकारू नये असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती मात्र जागच्या जागी होती. तिच्यातला काना-मात्राही कुणी पुसला नाही. तरीही लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ असलेले कृष्णवर्णीय मतदार १९०४ पर्यंत १,३४२ वर आले. आठ वर्षांत शंभरातला एक उरला! अमेरिकेची न्यायपीठे आणि विधिमंडळे आज त्याच उतारावर आहेत, म्हणून हे आकडे पुन्हा मांडणे भाग आहे.

त्या पहिल्या ऱ्हासाचे तंत्र नीट पाहिले पाहिजे. १८९० च्या मिसिसिपी संविधानाने मताधिकार हिरावताना वर्णाचे नावही घेतले नाही. मतदानासाठी कर भरावा, वाचता यावे किंवा राज्यघटनेचे एखादे कलम समजावून सांगता यावे, एवढ्याच 'तटस्थ' अटी घातल्या. कलम कोणते आणि ते समजले की नाही, हे ठरवणार नोंदणी कारकून. ऑगस्ट १९६२ मध्ये फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यात राबणारी स्त्री इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेली, तेव्हा तिला प्रत्यक्षात रूढ असलेल्या पण विधिवत न केलेल्या कायद्यांविषयीचे कलम विशद करायला सांगण्यात आले. ती अर्थातच अनुत्तीर्ण झाली. परतीच्या वाटेवर पोलिसांनी तिची बस अडवली. गुन्हा कोणता, तर बसचा रंग वाजवीपेक्षा जास्त पिवळा! त्याच संध्याकाळी मळेवाल्याने बजावले, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षे जिथे घाम गाळला तो मळा तिने सोडला. पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली. तिला मतदानाची बंदी करणारा एकही कायदा त्या दिवशी अमेरिकेच्या पुस्तकात नव्हता.

नोंदणीच्या खिडकीवरच्या या छळाला उत्तर मिळाले ते रक्त सांडल्यावर. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर घोडेस्वार पोलिसांनी मताधिकारासाठी निघालेला नि:शस्त्र मोर्चा तुडवला, मोर्चाचे पंचवीस वर्षांचे नेते जॉन लुइस यांची कवटी फुटली आणि पाच महिन्यांनी, ६ ऑगस्टला, मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. त्या कायद्याचा प्राण होता पूर्वमंजुरी. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास कलंकित, त्यांनी निवडणुकीच्या नियमात कोणताही बदल करण्याआधी संघीय शासनाची किंवा न्यायालयाची अनुमती घ्यायची. निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार प्रथमच अन्याय करणाऱ्यावर आला. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय नोंदणी सुमारे सात टक्क्यांवरून दोनच वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास पोचली.

हा प्राणच २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी काढून घेतला. देश बदलला आहे, जुन्या आकड्यांवर राज्यांना दोषी धरता येणार नाही, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणे. आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकण्यासारखे हे आहे, असे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात सुनावले. पाऊस कोसळायला त्या दिवसाची रात्रही व्हावी लागली नाही. पूर्वमंजुरीने अडवलेला ओळखपत्राचा कायदा टेक्ससने त्याच दिवशी अमलात आणण्याची घोषणा केली. पिस्तुलाचा परवाना मतदानाला चालेल, विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालणार नाही! नॉर्थ कॅरोलिनाने त्याच उन्हाळ्यात केलेला कायदा कृष्णवर्णीयांना शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य करतो, असे संघीय अपील न्यायालयाने म्हटले, पण ते २०१६ मध्ये. मधली २०१४ ची निवडणूक त्यातल्या बहुतेक नियमांखाली होऊन गेली होती. पूर्वमंजुरी गेल्याचा खरा अर्थ हाच आहे: न्याय मिळतो तेव्हा चोरलेली निवडणूक पचलेली असते.

फ्लोरिडाचे उदाहरण तर मूळ मतदान-कराचेच नवे बारसे आहे. शिक्षा भोगून सुटलेल्यांना मताधिकार परत द्यावा, असा कौल २०१८ मध्ये तिथल्या जवळपास पासष्ट टक्के मतदारांनी दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने पाचर मारली, की आधी दंड आणि न्यायालयीन शुल्क पूर्ण भरा. कुणाची किती बाकी, याची एकत्रित नोंद राज्याकडेही नव्हती. अपील न्यायालयाने २०२० मध्ये ही अट वैध ठरवली. जॉर्जियाने २०२१ मध्ये रांगेत ताटकळणाऱ्या मतदाराला पाण्याची बाटली देणे गुन्हा ठरवले. तहानलेल्याला पाणी पाजण्यात लोकशाहीला धोका दिसावा, ही प्रतिभा दुर्मीळ आहे.

त्यात २०१९ च्या निकालाची भर. मतदारसंघांच्या सीमा पक्षस्वार्थासाठी वाकवल्या तर ते प्रकरण संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय एकाच पक्षाला मत देतात, तिथे 'आम्ही वर्ण पाहिला नाही, पक्ष पाहिला' हा बचाव म्हणजे तस्कराच्या हाती दिलेला शासकीय परवाना होय.

आणि अमेरिकी काँग्रेस? २००६ मध्ये सिनेटने हाच मताधिकार कायदा ९८ विरुद्ध शून्य मतांनी पुढे वाढवला होता. २०२० च्या जुलैत जॉन लुइस यांची शवपेटिका घोड्यांच्या गाडीतून त्याच पुलावरून अखेरची गेली, तेव्हा दोन्ही पक्षांचे गळे दाटले होते. पूर्वमंजुरी पुन्हा आणणारे त्यांच्याच नावाचे विधेयक पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहाने संमत केले आणि सिनेटमध्ये ते रुतून बसले. श्रद्धांजलीला बहुमत लागत नाही, हे खरे. तो पूल तर अजूनही कू क्लक्स क्लॅनच्या एका म्होरक्याचेच नाव मिरवतो आहे.

आपला काय संबंध, असे न्यू जर्सीच्या दिवाणखान्यात विचारणाऱ्या मराठीजनांनी आपलीच कागदपत्रे काढून पाहावीत. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारले होते. १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर भारतीयांपुरते. ते सताड उघडले १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, सेल्मानंतर सात महिन्यांनी, त्याच चळवळीने बदललेल्या हवेत. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली, ती दोन्हीकडचे दु:ख एकाच जातीचे आहे हे ओळखूनच. गुणवत्तेच्या गप्पा मारत हे ऋण विसरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की नागरिकत्वाची छाननी करणारा कारकून एकदा खिडकीवर बसला की रांगेतला पुढचा माणूस कोणत्या देशातून आला हेही तोच ठरवतो.

दुर्लक्षाची किंमत इतिहासाने एकदा वसूल केलेली आहे. नॉर्थ कॅरोलिनाचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये प्रतिनिधिगृहाचा निरोप घेताना म्हणाले होते, की हे निग्रोंचे तात्पुरते जाणे आहे, ते पुन्हा येतील. दक्षिणेतून पुढचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी त्या सभागृहात येऊन बसले ते १९७३ मध्ये. व्हाइट यांच्या स्वत:च्या राज्याला त्यासाठी १९९२ च्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले.