तेल ओलावा राखते, सुरकुती मिटवत नाही



चाळिशीनंतरच्या चेहऱ्याला नैसर्गिक तेल लावावे की रेटिनॉल, ‘क’ जीवनसत्त्व यांसारखे सक्रिय घटक, या वादात दोन वेगळ्या तक्रारींची गल्लत होते. कोरडेपणा ही त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची तक्रार आहे. सुरकुत्या आणि सैलपणा ही त्याखालच्या थराची. तेल पहिल्या ठिकाणी उपयोगी पडते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा प्रभाव फारसा पोहोचत नाही. म्हणून ‘वय कमी करणारे’ अशा नावाखाली महागडे तेल विकणे दिशाभूल करणारे आहे. तेलाला जुनाट ठरवून प्रत्येक चेहऱ्यावर तीव्र सीरम लावायला सांगणेही तितकेच अविचाराचे आहे.

त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजेन तिला बळकटी देते आणि इलॅस्टिन लवचिकता. प्रौढ वयात कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर ही घट सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. याच काळात तेलग्रंथींचा स्रावही मंदावतो. कोरडेपणा आणि सुरकुत्या एकदमच दिसू लागल्याने एकाच बाटलीने दोन्ही जातील, असा समज होतो. त्यात भर पडते उन्हाची. अतिनील ‘अ’ किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, आतल्या थरापर्यंत पोहोचतात आणि कोलॅजेन तोडणारी विकरे वाढवतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते, त्यामुळे भारतीय चेहऱ्यावर सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात; वांग, काळे डाग आणि रंगातील असमानता मात्र बऱ्याच आधी दिसते.

तेल त्वचेवर पातळ थर धरून आतले पाणी उडून जाण्याचा वेग कमी करते. ते स्वतः पाणी देत नाही, म्हणून किंचित ओल्या चेहऱ्यावर लावलेले तेल अधिक उपयोगी पडते. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेघा त्याने मऊ होतात, पण हा परिणाम तात्पुरता असतो. शिवाय सगळी तेले सारखी नाहीत. सूर्यफूल आणि सोलापूर-मराठवाड्यात पिकणारी करडई यांच्या पारंपरिक वाणांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या वरच्या थराला मानवते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचा भर असतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत काही आठवडे लावलेल्या ऑलिव्ह तेलाने वरच्या थराची घट्ट वीण सैल झाली, सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकून राहिली. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. कोरड्या त्वचेला ते चालते, मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्यावर मात्र त्याने रंध्रे बुजू शकतात. गुलाबफळाच्या तेलाबाबत त्यात ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे सांगितले जाते, पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने फळात असले तरी तेलात उतरत नाही. मोरोक्कोच्या अरगान तेलाने रजोनिवृत्त स्त्रियांच्या त्वचेची लवचिकता सुधारल्याचा एक मर्यादित अभ्यास आहे. दीर्घ चाचण्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

अशा चाचण्यांचा आधार सर्वांत भक्कम आहे तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनॉइनला. अमेरिकेत १९७१ मध्ये ते मुरुमांवरील औषध म्हणून मान्य झाले. ते वापरणाऱ्या प्रौढ रुग्णांची त्वचा अधिक तुकतुकीत झाल्याचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आले आणि १९८६ मध्ये त्यांनी उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरील परिणाम मांडला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील नियंत्रित चाचणीने त्याला दुजोरा दिला. ट्रेटिनॉइन पेशीकेंद्रातील ग्राहकांना जोडले जाते, नव्या कोलॅजेनची निर्मिती वाढवते आणि ते तोडणाऱ्या विकरांना आळा घालते. दुकानात मिळणाऱ्या रेटिनॉलचे त्वचेत दोन टप्प्यांत ट्रेटिनॉइनमध्येच रूपांतर व्हावे लागते, म्हणून ते सौम्य आणि संथ असते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. डागांसाठी नायसिनामाइड आणि ‘क’ जीवनसत्त्व उपयोगी आहेत. मात्र शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी असावा लागतो, आणि तपकिरी झालेले द्रावण बहुतांशी वाया गेलेले असते.

या घटकांची किंमतही मोजावी लागते. रेटिनॉलने सुरुवातीला आग होते, पापुद्रे सुटतात. सावळ्या त्वचेवर अशा दाहानंतर काळे डाग राहतात, म्हणजे डाग घालवण्याच्या उपायानेच नवे डाग पडू शकतात. म्हणून कमी प्रमाणातील रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढे, एवढ्यावर सुरुवात करणे शहाणपणाचे असते. गर्भावस्थेत ते टाळावे लागते. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमांत चेहऱ्यासाठीच्या सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली आहे. ट्रेटिनॉइन तर औषधच आहे आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गोरेपणासाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित क्रीमना सक्रिय घटकांच्या पंक्तीत बसवणे धोक्याचे आहे. त्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते आणि चेहऱ्यावर केस वाढतात.

‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ ही समजूतही टिकत नाही. आयुर्वेदात कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांत सोरालेन असते. ते लागलेली त्वचा उन्हात भाजते. त्याच बियांतून वेगळा काढलेला बाकुचिऑल हा घटक २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४ जणांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीत सुरकुत्या आणि डागांवर रेटिनॉलच्या बरोबरीने उतरला आणि त्याने आग कमी झाली. चाचणी लहान होती, तरी वनस्पती आणि सक्रिय घटक यांत मुळात वैर नसल्याचे ती दाखवते. फरक पडतो तो शुद्धतेने, प्रमाणाने आणि चाचणीने. उसातही सापडणारे ग्लायकोलिक आम्ल प्रमाण चुकले तर चेहरा सोलून काढते, आणि कुंकुमादी तेलाच्या बाटलीतील केशराचे प्रमाण माहीत नसेल तर तिच्या किमतीचे समर्थन करता येत नाही.

खर्चाचा क्रम त्यामुळे स्पष्ट आहे. पहिला मान सनस्क्रीनचा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य इच्छेनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. कोणतेही तेल त्याची जागा घेऊ शकत नाही. सनस्क्रीनची सवय जमल्यावर कोरडेपणासाठी साधे, ताजे, खवट न झालेले तेल किंवा मॉइश्चरायझर पुरते. डागांसाठी नायसिनामाइड, सुरकुत्यांसाठी रात्री रेटिनॉल, आणि त्याने येणारा कोरडेपणा भरून काढायला पुन्हा तेल. अशा रीतीने दोन्ही एकाच चेहऱ्यावर नांदू शकतात.

ग्राहकाला ही निवड करता यावी, यासाठी वेष्टनावर घटकांची नुसती यादी पुरेशी नाही. ज्या घटकाच्या नावावर उत्पादन विकले जाते त्याचे टक्क्यांतील प्रमाण ठळक छापणे बंधनकारक व्हावे, आणि सुरकुत्या कमी होतात असा दावा करणाऱ्याने, तो तेल विकत असो वा सीरम, चाचणी किती जणांवर, किती आठवडे आणि कशाच्या तुलनेत झाली हे तिथेच सांगावे.

— एक वाचक, पुणे