घरचे मैदान, भाड्याचे घर

देशभरातील फुटबॉल स्टेडियमांची यादी हा वाङ्मयप्रकार आपल्यापैकी फारसे कोणी गांभीर्याने वाचत नाही. चार रकाने असतात : मैदान, शहर, आसनक्षमता आणि तिथे खेळणारा संघ. माहिती हवी तेव्हा पाहावी आणि विसरून जावे, एवढीच तिची योग्यता, असे आपण धरून चालतो. परंतु जनगणनेचा तक्ता किंवा गॅझेटियरमधील नोंद ही निरागस नसते, हे वर्गात शिकवणाऱ्यांनी ह्या यादीलाही तोच न्याय लावायला हवा. माझे म्हणणे सरळ आहे : भारतापुरते पाहिले तर ह्या यादीतला चौथा रकाना वाचकाची फसवणूक करतो. मैदान आणि संघ एका ओळीत छापल्यामुळे त्यांच्यात नाते आहे असा आभास होतो. प्रत्यक्षात ते नाते बहुतेक ठिकाणी घरमालक आणि भाडेकरूचे असते.

प्रथम नावेच पाहा. दिल्ली, कोची, चेन्नई, शिलाँग आणि मडगाव ह्या पाच शहरांतील मैदानांना जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे. प्रश्न नेहरूंचा नाही. प्रश्न असा, की ज्या वास्तूचे नाव पाच ठिकाणी तेच असू शकते, ती कोणत्या वस्तीतून उगवलेली असते? दिल्लीचे स्टेडियम १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी उभे राहिले, बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी. म्हणजे स्पर्धा आधी, इमारत नंतर आणि संघ सर्वांत शेवटी. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियममध्ये आजही प्रेक्षक आणि फुटबॉल यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आडवा येतो. हे अंतर मीटरमध्ये मोजता येते, परंतु ते तेवढेच नाही.

आता चौथा रकाना. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा बालेवाडीसमोर ‘एफसी पुणे सिटी’ असे लिहिले गेले. त्याच मैदानावर खेळणारा, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी हा जुना संघ पुढच्या काही काळात दिसेनासा झाला. २०१९ साली पुणे सिटीही संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोजने भुवनेश्वर गाठून ओडिशा एफसी हे नाव घेतले. २०२५ साली हैदराबादचा संघ दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. ह्या सर्व काळात एकही स्टेडियम जागचे हलले नाही. हलले ते संघ, आणि त्यांच्यामागे उरले ते प्रेक्षक. त्या प्रेक्षकांसाठी कोणत्याच यादीत रकाना नाही.

२०२०-२१ आणि २०२१-२२ ह्या दोन हंगामांत साथीमुळे ही लीग संपूर्णपणे गोव्यातील तीन मैदानांवर, बहुतांशी रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळली गेली. तरीही कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक सामन्याला एक ‘घरचा’ संघ होता. निरुपाय होता, हे मान्य. पण ‘घर’ हा शब्द इतक्या सहजपणे पोकळ होऊ शकला, ह्याचे कारण तो साथीपूर्वीच बराच पोकळ झाला होता.

आणि त्याच गोव्याच्या स्वतःच्या क्लबांचे काय झाले? डेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही ते मिळवले. देशातील स्पर्धांची फेररचना करून नव्या लीगला अग्रस्थान देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. फातोर्ड्याचे मैदान मात्र यादीत दिमाखाने उभे राहिले, समोर एफसी गोवा हे नाव घेऊन. डेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडले. एफसी गोवाचा चाहतावर्ग खरा आहे, हे मी नाकारत नाही. पण यादीतील एका ओळीत नाव बदलले की दशकांचा इतिहास गळून पडतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही, हा माझा आक्षेप आहे.

यावर कोणी म्हणेल, की व्यावसायिक खेळाला भांडवल लागते, आणि भांडवल भावनेवर चालत नाही. ठीक आहे. पण मग भांडवलाने तरी स्थैर्य दिले का? महासंघाचा व्यापारी भागीदाराशी २०१० साली झालेला करार डिसेंबर २०२५मध्ये संपायचा होता. नूतनीकरणाचा निर्णय होईना, म्हणून २०२५च्या जुलैमध्ये पुढचा हंगामच स्थगित झाला. एका सहीवाचून देशभरची ‘घरे’ बंद पडत असतील, तर त्यांना घर म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातला, आणि म्हणून अधिक महत्त्वाचा. फुटबॉल हा परका, वसाहतीतून आलेला खेळ. त्याचा आपल्या मातीशी संबंध काय? कादंबरीही बाहेरूनच आली होती. एखादा प्रकार रुजला की नाही हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही, तो कोणाच्या बोलीत बोलू लागला ह्यावरून ठरते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलला आपले नाव दिले. तिथल्या समर्थकांच्या हाणामाऱ्या मला ठाऊक आहेत, आणि संघ बाहेरून खेळाडू आणतात हेही. तरीही संघ विकून दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पना तिथे करवत नाही, कारण पेठ विकता येत नाही. देशाच्या मोठ्या यादीत हे मैदान आलेच तर एका दुर्लक्षित ओळीत येते.

याउलट कोलकात्याचे सॉल्ट लेक. १९९७ साली फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांना पाहायला तिथे १,३१,०००हून अधिक माणसे आली. १३ डिसेंबर २०२५ रोजी त्याच मैदानात मेस्सीला पाहायला लोक जमले. तो थोडक्यात दिसला आणि निघून गेला. संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या उपटून फेकल्या. वास्तू तीच. पहिल्या दिवशी ती दोन संघांची होती, दुसऱ्या दिवशी ती कोणाचीच नव्हती. आसनक्षमतेच्या रकान्यातून हा फरक कसा कळणार?

प्रादेशिक कादंबरीत प्रदेश म्हणजे पार्श्वभूमी नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. मग शहरांच्या मध्यभागी उभ्या असलेल्या ह्या काँक्रीटच्या वर्तुळांना आपण निव्वळ नेपथ्य का समजतो? निदान एवढे तरी करता येईल : पुढच्या वेळी अशी यादी समोर आली, की चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारावेत. हा संघ इथे कधी आला? आणि त्याच्याआधी इथे कोण खेळत होते?