लॅपटॉप पडला, पाणी कुठे अडलं?



केळीच्या आळ्यात पाणी आलं नाही, तर आमच्या नंदाखालच्या वाडीतला माणूस काय करतो? केळीला ओरडतो का? छे! तो पाटाच्या उलट दिशेने चालत जातो. पाट फुटलाय का? पाईपाचा सांधा निसटलाय का? पंप चालू आहे ना? बावखलात पाणी आहे ना? (बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं पावसाचं पाणी साठवणारं तळं, बरं का!) एकेक ठिकाण तपासत गेलं, की अडलेली जागा सापडते.

आज हीच युक्ती आपण लॅपटॉपला लावू या. लॅपटॉप पडला, चालू तर होतो, पण चार्ज होत नाही. मग वीज कुठे अडली?

पण थांबा! आधी सुरक्षेचं पाहू. लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डगमगतो का? खालची बाजू फुगली आहे का? गोडसर किंवा जळका वास येतो का? नुसता ठेवलेला असूनही गरम लागतो का? यातलं एक जरी दिसलं, तरी चार्जिंग बंद. भिंतीवरचं बटण बंद करा, पडदे आणि वह्या-पुस्तकांपासून दूर व्हा आणि मोठ्यांना हाक मारा.

एवढी भीती कशाला? लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात धन आणि ऋण थरांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. आदळल्यामुळे तो फाटला, तर दोन्ही थर एकमेकांना भिडतात, बॅटरी तापते आणि पेटूही शकते. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी 1980च्या दशकात आपल्या नव्या बॅटरीवर चक्क लोखंडाचा जड तुकडा पाडून पाहिला होता! तिला काही झालं नाही. शुद्ध लिथियम असलेल्या बॅटरीचा मात्र स्फोट झाला. 2019 साली त्यांना जॉन गुडइनफ आणि स्टॅनले व्हिटिंगहॅम यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅटरी सुरक्षित करायला केवढी धडपड करावी लागली, पाहा! तरीही ती बेफिकिरीने हाताळायची वस्तू नाही.

फुगवटा नाही, वास नाही? मग चला शोधाला, पण मोठ्यांना सोबत घेऊनच.

पहिला थांबा सॉकेट. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. मोबाइल चार्ज झाला, तर सॉकेट निर्दोष!

दुसरा थांबा अडॅप्टर. घरातली वीज साधारण 230 व्होल्टची असते. अडॅप्टर ती कमी करून लॅपटॉपला पेलेल अशी देतो, बहुधा 19 किंवा 20 व्होल्टची. भिंतीकडून येणारी वायर अडॅप्टरमध्ये घट्ट बसली आहे ना, ते पाहा. वायर सोललेली असेल, तर हात लावू नका. दुसरा अडॅप्टर लावून पाहायचा असेल, तर त्याचे व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त.

तिसरा थांबा जॅक, म्हणजे पिन जिथे घुसते ते भोक. पडताना पिन लावलेलीच असेल, तर सगळा धक्का इथे बसतो. टॉर्चने बघा. आत सुई किंवा टाचणी घालायची नाही हं! पिन हलवली की दिवा लागतो-विझतो? मग आतला सोल्डरचा डाख तडकला असावा. कागदाची घडी दाबून काम भागवू नका. सैल जोडात ठिणग्या पडतात. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

चौथा थांबा बॅटरी. दिवा लागतो, पण टक्के वाढत नाहीत? म्हणजे वीज पोचते, बॅटरी घेत नाही. बॅटरी टिकावी म्हणून काही लॅपटॉप 80 टक्क्यांवर चार्जिंग मुद्दाम थांबवतात, ती सेटिंग आधी पाहा. नाहीतर आतली बॅटरीची जोडणी सैल झाली असेल. तेही तज्ज्ञालाच पाहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हातून ताईचा लॅपटॉप खाटेवरून पडला. वरून साधा ओरखडाही नव्हता. बोलणी बसतील म्हणून ती गप्प राहिली. दोन दिवसांनी बॅटरी संपली आणि ताईचा कॉलेजचा प्रकल्प आतच अडकला! पुढे जॅक बदलला, फायली मिळाल्या. पण प्रकल्प द्यायची तारीख निघून गेली होती. पडल्याचं लगेच कळलं असतं, तर उरलेल्या बॅटरीवर फायली पेन ड्राइव्हमध्ये उतरवता आल्या असत्या. वस्तू पडणं हा गुन्हा नाही, मुलांनो. लपवल्याने मात्र नुकसान वाढतं. आणि मोठ्यांनो, तुम्हीही आधी 'तुला लागलं नाही ना?' असं विचारा. मग मुलं आपणहून सांगतील.

निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. 2022च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात तशी चौकशी करा.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या दोन अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा आणि व्होल्ट व अँपिअर वहीत लिहा. दोन्ही आकडे सारखे आहेत का? नसतील, तर एकाचा चार्जर दुसऱ्याला चालेल की नाही, ते आईबाबांना तुम्हीच समजावून सांगा!