करंडक, सुटकेस आणि परवा

'संगणकाला आता मराठी कळतं' असं कुणी छाती पुढे काढून सांगितलं, की मला करंडक आणि सुटकेस आठवते. हेक्टर लेव्हेक या कॅनडातल्या संशोधकानं २०११मध्ये यंत्रांसाठी एक परीक्षा सुचवली. करंडक सुटकेसमध्ये मावत नाही, कारण 'इट' फार मोठं आहे. मोठं काय? करंडक. 'मोठं'च्या जागी 'लहान' घाला, की उत्तर सुटकेस. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम, त्यामुळे व्याकरण मदतीला येत नाही. वस्तूत वस्तू कशी मावते ते ठाऊक असावं लागतं.

आता हे मराठीत आणा. करंडक 'तो', सुटकेस 'ती'. 'कारण तो फार मोठा आहे' म्हणताक्षणी पेपर फुटला! जगाबद्दल शून्य माहिती असलेलं यंत्रही पास. इंग्रजी प्रश्नपत्रिकांची भाषांतरं करून मराठीतले गुण मिरवणाऱ्यांनी आधी निदान प्रश्न तरी वाचावेत.

आपली भाषा अडवते ती वेगळ्याच जागी. 'दुकान वाढवा' म्हणजे बंद करा, 'येतो' म्हणजे निघालो, हे यंत्रं शिकतात. असल्या गोष्टी कोशात असतात. पण 'परवा'चं काय? होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, शब्द एकच. क्रियापद असलं तर भागतं. माझ्या आईनं एका रुग्णालयाच्या चॅटबॉटला लिहिलं, 'बीपीची गोळी परवापासून बंद.' गोळी दोन दिवस पोटात गेलेली नव्हती. त्यानं पुढची तारीख टाकून 'नोंद केली आहे, धन्यवाद' म्हटलं. पूर्वी फोनवर असायच्या त्या सिस्टरनी विचारलं असतं, "बंद केलीत, की करायचीय?"

यावर ठरलेलं उत्तर येतं : अजून डेटा द्या, सुधारेल. कसं सुधारेल? अख्खी मराठी विकिपीडिया पाजलीत तरी त्या चार शब्दांत उत्तर नाहीच. ते आईकडे आहे आणि तिला विचारावं लागतं. यंत्राला विचारायला शिकवता येतं, हे मलाही मान्य आहे. पण सिस्टरचा पगार वाचावा म्हणून यंत्र आणणाऱ्याला उलट प्रश्न नकोच असतात. त्याला 'नोंद केली' हवं असतं. या अडाणीपणाला 'तंत्रज्ञानाची मर्यादा' म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

आई आता वार आणि तारीख लिहिते. सिस्टरसाठी लिहावी लागत नव्हती.