आहार हेच औषध. पण मात्रा कोणी ठरवायची?

इस्लामपूर : कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या खोऱ्यांतील वाळवा तालुक्यात उसाच्या जोडीने हळदीचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपूरला ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. शिवारातील हळद मात्र जुनीच आहे. ती फोडणीत पडते, लग्नात अंगाला लागते आणि बोट कापले की जखमेवर दाबली जाते. अलीकडच्या काळात तिला आणखी एक ओळख मिळाली आहे. शहरांतील औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ती अर्काच्या कॅप्सूलमध्ये विकली जाते आणि त्या बाटलीवर ‘आहार हेच औषध’ या आशयाचे वाक्य असते. या वाक्याच्या समर्थनार्थ आयुर्वेदाबरोबरच चीनच्या प्राचीन परंपरेचाही हवाला दिला जातो. प्रत्यक्षात चीनने या परंपरेला कायद्याची जी चौकट घातली आहे, तिच्याकडे भारतात फारसे लक्ष गेलेले नाही.

दोन परंपरांचे साम्य

अन्न आणि औषध यांचे मूळ एकच, हा चिनी वैद्यकातील मूलभूत विचार आहे. प्राचीन चिनी राजदरबाराच्या वर्णनात आहारवैद्याचे स्वतंत्र पद आढळते. सातव्या शतकातील प्रख्यात वैद्य सुन सिमियाओ यांनी आपल्या ग्रंथात आहारोपचारासाठी स्वतंत्र प्रकरण दिले. वैद्याने आधी आहाराने रोग हटवावा आणि तो हटला नाही तरच औषधाकडे वळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पदार्थ उष्ण की थंड, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रकृतीला तो मानवतो, याचा विचार तेथील स्वयंपाकात आजही होतो.

मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. बाळंतिणीसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू, सर्दीला सुंठीचा काढा, तापात भाताची पेज, उन्हाळ्यात थंड म्हणून सब्जाचे पाणी हे सारे त्याच विचाराचे भारतीय रूप आहे. आपल्याकडे बाळंतपणाचा सव्वा महिना, तर चीनमध्ये बाळंतिणीचा एक महिना सक्तीच्या विश्रांतीचा. तिला तेथे आले, लाल खजुरासारखी फळे आणि कोंबडीचे सार दिले जाते. दोन्हीकडे मात्रा घरातील ज्येष्ठ स्त्री ठरवते आणि ती चमचा, चिमूट, मूठ या मापांतच राहते. घरगुती उपचार बहुधा निर्धोक राहिले, याचे एक कारण ही छोटी मापे आहेत.

साथीचा धडा

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे नाव राज्यभर गाजले ते वेगळ्याच कारणाने. २३ मार्च रोजी शहरातील चार जणांना कोरोनाची लागण झाल्याचे स्पष्ट झाले आणि आठवडाभरात ही संख्या वीसच्या पुढे गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय आयुष मंत्रालयाने रोगप्रतिकारशक्तीसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. स्वयंपाकात हळद, जिरे, धने व लसूण वापरावे, दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून प्यावे, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा घ्यावा, असा तो सल्ला होता. हळद आणि मनुका ही दोन्ही सांगली जिल्ह्याची पिके. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

इस्लामपुरातील साथ आटोक्यात आली ती मात्र संपर्कातील व्यक्तींचा शोध, विलगीकरण, परिसराची नाकेबंदी आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील उपचार यांमुळे. मंत्रालयाच्या सूचनांतही हा कोरोनावरचा उपचार असल्याचा दावा नव्हता. परंतु लोकांच्या बोलण्यात आणि जाहिरातींत हा फरक लवकरच पुसला गेला. काढ्यापासून कॅप्सूलपर्यंतचा बाजार त्या काळात विस्तारला आणि साथ ओसरल्यावरही तो टिकून आहे.

चिमूट आणि कॅप्सूल

कोरड्या हळदीत कुरकुमिन या पिवळ्या घटकाचे प्रमाण साधारणपणे दोन ते पाच टक्के असते. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळदीतून पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास कुरकुमिन पोटात जाते आणि त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कुरकुमिनची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १८० मिलिग्रॅम होते. बाजारातील अनेक कॅप्सूलमध्ये एकेकीत ५०० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क असतो. त्यात मिरीतील पायपरिन मिसळलेले असते. पायपरिनमुळे कुरकुमिनचे रक्तातील शोषण अनेक पटींनी वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवून दिले होते.

शोषण वाढले की परिणामाबरोबर अपायही वाढू शकतो. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या अर्काची उत्पादने घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे वीसहून अधिक रुग्ण आढळले. तेथील सरकारने २०२२ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या गटानेही २०२२ मध्ये दहा रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये अशीच सूचना काढली. जेवणात हळद खाणाऱ्या कोट्यवधी भारतीयांना याने घाबरण्याचे कारण नाही. हे इशारे अर्काच्या मोठ्या मात्रेविषयी आहेत आणि यकृताचा विकार असलेल्यांनी ते विशेष गांभीर्याने घ्यायला हवेत.

गुणांच्या पुराव्याचे काय? २०१७ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी रसायनशास्त्रीय नियतकालिकाने कुरकुमिनवरील संशोधनाचा आढावा घेतला. शंभरहून अधिक चाचण्या होऊनही निर्विवाद यश हाती लागलेले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२३ मध्ये थायलंडमधील दोनशेवर रुग्णांच्या चाचणीत मात्र अपचनाच्या तक्रारींवर कुरकुमिन हे ओमेप्राझोल या प्रचलित औषधाइतकेच उपयुक्त दिसले. याचा अर्थ, परंपरेतील दावा तपासता येतो आणि कधी तो टिकतोही. विशिष्ट तक्रार, ठरलेली मात्रा आणि तुलनेसाठी दुसरा गट एवढे मात्र त्यासाठी लागते.

चीनची यादी, भारताचे तीन रस्ते

चीनच्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार खाद्यपदार्थांत औषध मिसळण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो परंपरेने अन्न आणि औषध अशा दोन्ही रूपांत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचा, आणि हे पदार्थ कोणते ते सरकारी यादीने ठरते. २००२ च्या यादीत असे ८७ पदार्थ होते. पुढे त्यात भर पडत गेली. हळदीचा समावेश २०१९ मध्ये पिंपळी, केशर आदी पदार्थांबरोबर झाला, तोही केवळ मसाला म्हणून वापरण्याच्या अटीवर. आहाराला औषध मानणाऱ्या देशाने हळद अन्नात आणताना तिची जागा मसाल्याच्या डब्यात निश्चित केली, ही बाब बोलकी आहे.

भारतात तीच हळद तीन रस्त्यांनी ग्राहकापर्यंत पोहोचते. मसाला म्हणून ती अन्न कायद्याखाली येते. आरोग्यपूरक म्हणून २०१६ च्या, तर आयुर्वेद आहार म्हणून २०२२ च्या नियमांखाली ती विकता येते. आयुर्वेदिक औषध म्हणून तिला १९४० च्या औषध कायद्याचा परवाना मिळतो. आयुर्वेद आहाराचे नियम दोन वर्षांखालील बालकांसाठी असे पदार्थ बनवण्यास मनाई करतात, ही चांगली तरतूद आहे. परंतु दुकानाच्या एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या तीन बाटल्यांपैकी कोणती कोणत्या कायद्याखाली तपासली गेली, हे सामान्य ग्राहकाला उमगत नाही. रोग बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी बहुतेक वेळा तक्रार आल्यावरच होते.

रंगाला भाव, गुणाला नाही

या गोंधळाची किंमत शेतकरीही मोजतो. नऊ महिने सांभाळलेले पीक काढून, शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून सांगलीच्या बाजारात आणले की हळकुंडाचा आणि गड्ड्याचा सौदा प्रामुख्याने रंग, जाडी आणि चकाकी पाहून होतो. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीचे मूल्य कुरकुमिनवर ठरते. ते पिकवणाऱ्याच्या मालात किती आहे, याची तपासणी सौद्याचा भाग क्वचितच असते.

रंगाच्या या हव्यासाचे दुसरे टोक अधिक गंभीर आहे. दक्षिण आशियातील २३ शहरांतून गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण ग्रॅममागे एक हजार मायक्रोग्रॅमहून जास्त होते. भारतातील मर्यादा दहा मायक्रोग्रॅमची आहे. पिवळाधमक रंग यावा म्हणून वापरले जाणारे लेड क्रोमेट हे याचे कारण. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा कायमचा परिणाम होतो. औषध म्हणून दुधात घातलेली हळदच विष ठरावी, यापेक्षा मोठी विटंबना नाही.

हळदीवरचा हक्क भारताने एकदा झगडून मिळवला आहे. जखम भरून काढण्याच्या गुणासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. ते ज्ञान जुने आहे, हे त्या लढाईत सिद्ध झाले. कोणत्या विकारावर, किती मात्रेत आणि कोणासाठी ते उपयुक्त आहे, हे सिद्ध करण्याचे काम उरले आहे.

त्यासाठी साधने जवळच आहेत. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाजार समितीच्या आवारात शिसे आणि कुरकुमिन यांची तपासणी, तपासलेल्या मालाला वेगळा भाव आणि अर्काच्या प्रत्येक बाटलीवर मराठीत मात्रा व इशारा, एवढे झाले तरी शेतकरी आणि ग्राहक या दोघांचे हित साधेल. तोपर्यंत शहरी ग्राहकासाठी व्यवहार्य मार्ग एवढाच : हळद जेवणात निःशंक खावी, खात्रीच्या ठिकाणची घ्यावी आणि कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.