पाचवा ओव्हरटाइम

मंडळी, आधी कबुली देतो. ९ मे २०१८ ची ती मॅच मी शेवटपर्यंत पाहिली नाही. आमचे लीहाय व्हॅली फँटम्स विरुद्ध शार्लट चेकर्स, तेही शार्लटमध्ये. आइस हॉकीची एएचएल म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खालची लीग, तिचा हा प्लेऑफ. १-१ बरोबरी काही केल्या सुटेना. तिसऱ्या ओव्हरटाइमनंतर "सकाळी ऑफिस आहे" म्हणत मी लॅपटॉप मिटला.

सकाळी कळलं. पाचवा ओव्हरटाइम, रात्री एक वाजून गेलेला, आणि ॲलेक्स क्रुशेल्निस्कीचा गोल. जिंकलो! १४६ मिनिटं ४८ सेकंद खेळ, एएचएलमधली तोवरची सर्वांत लांबलेली मॅच. आमचा गोलकीपर ॲलेक्स लायन... त्याच्यावर ९५ शॉट आले, ९४ अडवले त्याने!

पुण्याहून दादा म्हणाला, "अरे, हा छळ आहे. शूटआउट घ्यायचा आणि मोकळं व्हायचं." साखळीत असतो शूटआउट. प्लेऑफमध्ये मात्र गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळत राहायचं. मला तेच पटतं. ज्या खेळाने बरोबरी झाली, त्याच खेळाने ती सुटावी. (२०१९ च्या वर्ल्ड कप फायनलनंतर याच दादाचा तावातावाने फोन आला होता, "चौकार मोजून कप देतात का कधी?" असो.)

पण रात्री एक वाजता लायनच्या पायांना काय वाटत होतं, ते मला विचारू नका. मी झोपलो होतो.